दिवाळीनंतर बघू

मराठी घरात 'दिवाळीनंतर' नावाचा एक स्वतंत्र महिना असतो. पंचांगात तो सापडत नाही, पण सगळी अडलेली कामे त्याच महिन्यात व्हायची असतात. गुडघ्याचा एक्स-रे दिवाळीनंतर, मोतीबिंदू दिवाळीनंतर, मुलीच्या स्थळाला होकार की नकार तेही दिवाळीनंतर. प्लंबरपासून वकिलापर्यंत सगळे हेच सांगतात आणि आपल्यालाही ते पटते. सणाच्या तोंडावर कटकट नको, एवढाच त्यामागचा विचार. त्यात वाईट काही नाही. पण ज्याचे मन ठिकाणावर नाही अशा माणसालाही आपण हेच सांगतो, आणि ते माणूसही स्वतःची समजूत अशीच घालते, तेव्हा मात्र घोटाळा होतो. मीही घातली होती. एका डॉक्टरांनी ती ऐकून घेतली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

गोष्ट २०२४ च्या ऑक्टोबरातली. दसरा झाला की आमच्या सोसायटीत बचत गटाच्या बायका पणत्या, रांगोळीचे रंग आणि उटण्याची पाकिटे घेऊन दारोदार येतात. त्यातल्या एकीने सवयीने पाकीट माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "वास तर बघा, ताई." मी वास बघितला. नागरमोथा, वाळा, आंबेहळद. पुढचे मला नीट आठवत नाही. छातीत धडधडायला लागले, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. मी दारातच चपलांच्या कपाटावर बसले. ह्यांनी रिक्षा बोलावून दवाखान्यात नेले. कार्डिओग्राम निघाला, तो स्वच्छ होता. रक्तदाब थोडा वर होता, पण काळजी करण्यासारखा नव्हता.

आमचे डॉक्टर तीस वर्षांपासूनचे. त्यांनी ह्यांना बाहेर बसवले आणि मला विचारले, "झोप कशी आहे?" मी म्हटले, "नाही." "किती दिवस?" मी हिशेब केला. आयुष्यभर गणित शिकवलेली बाई मी, तरी तो हिशेब पटकन होईना. वर्षाच्या वर झाले होते. त्यांनी एका समुपदेशक बाईंचे नाव चिठ्ठीवर लिहून दिले. मी म्हटले, "जाईन. दिवाळी होऊन जाऊ दे." त्यावर ते जे बोलले ते साधेच होते. "तुम्हाला त्रास कधी होतोय? आत्ता ना? मग दिवाळीनंतर कशाला?"

इथे थोडे मागे जायला हवे. माझी आई शेवटची सहा वर्षे आमच्याकडे होती. तिला स्मृतिभ्रंश झाला होता. आधी नावे गेली, मग माणसे, मग स्वयंपाकघर कुठे आणि संडास कुठे हेही गेले. जुलै २०२३ मध्ये ती वारली. भावाकडे, नाशिकला, वर्षभर सण नव्हता. पण लग्न झालेल्या लेकीला आईबापांचे सुतक तीनच दिवसांचे. चौथ्या दिवशी माझे घर 'मोकळे' झाले. ज्या घरात ती सहा वर्षे राहिली आणि ज्या घरातून ती गेली, त्या घराला शास्त्राने दुःख करायला तीन दिवस दिले. शास्त्र करणाऱ्यांना लेकीकडे राहणारी आई दिसली नसावी, तो त्यांचा दोष म्हणणार नाही. पण आपण तरी कुठे पाहतो? त्या वर्षी, २०२३ साली, मी चकल्या, अनारसे, चिवडा, सगळे साग्रसंगीत केले. आकाशकंदील लावला. लोक म्हणाले, धीराची आहे. उटण्याला मात्र मी हात लावला नव्हता, आणि लावला नाही हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

तर चिठ्ठी घेऊन मी सोमवारी, २१ तारखेला गेले. नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. गोखले रोडवर खरेदीची ही गर्दी. हे म्हणाले, "मी खाली थांबतो, तोवर कंदील बघतो." कंदील बघत थांबणे हे कोणालाही सांगण्याजोगे कारण होते, म्हणून त्यांनी ते निवडले असावे. मला राग आला नाही. मीसुद्धा जिना चढताना ओढणी डोक्यावरून घेतली होती, उन्हाचे निमित्त करून. जिन्यात ऊन नव्हते.

मी ठाण्याची. जुन्या पिढीतल्या मराठी माणसाला ठाणे म्हटले की तलावांच्या आधी काय आठवते ते मी सांगायला नको. १९०१ साली इथे मनोरुग्णालय सुरू झाले आणि गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले. पुणेकरांना येरवडा, मुंबईकरांना ठाणे. माझ्या वर्गातली मुले भांडताना एकमेकांना "तुला ठाण्याला पाठवायला पाहिजे" म्हणत. ती सगळी ठाण्यातच राहणारी, पण हे बोलताना एकालाही हसू येत नसे. याच गावात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली आणि मनाच्या दुखण्याबद्दल साध्या मराठीत बोलायला शिकवले. मी त्यांची व्याख्याने ऐकली होती. दिवाळी अंकांतले मानसशास्त्रावरचे लेख तर वर्षानुवर्षे वाचत आले. 'अस्तु' चित्रपटात स्मृतिभ्रंश झालेल्या संस्कृत पंडिताची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे. तो पाहून सभ्यपणे डोळेही पुसले होते. एवढे सगळे झाल्यावरही जिन्यात ओढणी डोक्यावर आलीच. वाचणे निराळे आणि जिना चढणे निराळे.

खोलीत कोच-बिच काही नव्हता. दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा तांब्या, आणि रुमाल न आणणाऱ्यांसाठी कागदी रुमालांचा डबा. बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी आधी एक फॉर्म भरून घेतला आणि तोंडीही सांगितले, की इथे बोललेले इथेच राहील. फक्त तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मला कोणाला तरी सांगावे लागेल, आणि तेही शक्यतो तुम्हाला सांगून. त्या औषध देत नाहीत, गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतील, हेही सांगितले. हा फरक मला ठाऊक नव्हता असे नाही, पण नेमका नव्हता. मनोविकारतज्ज्ञ हे एमबीबीएस होऊन पुढे शिकलेले डॉक्टर, ते औषध लिहून देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. 'समुपदेशक' ही पाटी मात्र आपल्याकडे कोणीही लावतो, म्हणून शिक्षण काय, अनुभव किती, हे विचारण्यात संकोच करू नये. मी विचारले. त्यांना वाईट वाटले नाही. पाऊण-एक तासाचे पैसे म्हणाल तर किलोभर काजूकतलीचे होतात. काजूकतली आपण विचार न करता घेतो.

पहिली वीस-पंचवीस मिनिटे मी झोप, अ‍ॅसिडिटी आणि गुडघे यांवर बोलले. मुद्देसूद बोलले, तीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिलेले आहे. त्यांनी ऐकून घेतले. मग विचारले, "येत्या दिवाळीतला कुठला दिवस नकोसा वाटतोय?"

मी ताबडतोब म्हणाले, "नरक चतुर्दशी." म्हणाले आणि स्वतःच दचकले. हे उत्तर मी ठरवलेले नव्हते.

आता माझा मुद्दा सांगते. मी डिसेंबरात गेले असते, तर हा प्रश्न कोणी विचारला नसता आणि हे उत्तर माझ्या तोंडून आले नसते. डिसेंबरात मी एक नीटनेटकी तक्रार घेऊन गेले असते, झोप येत नाही, वय झाले. सण संपला की घर पुन्हा डबे घासून, चादरी बदलून बसते. मनही तसेच करते. ज्या दिवसांत दुखते त्या दिवसांत दाखवायला जाणे हे दाताच्या बाबतीत आपण सहज करतो. ठणका थांबल्यावर दंतवैद्याकडे गेले, तर नेमका कुठला दात ते आपल्यालाही सांगता येत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. घरात पाहुणे, हातात झारा, अशा वेळी मनाच्या तळाशी कशाला ढवळायचे? समुपदेशक स्वतः आठवडाभर सुटीवर जायचे. मध्येच काही वर आले तर कोणाच्या तोंडाकडे बघायचे? हे मी त्यांना विचारले. त्यांनीही तो धोका मानला. पहिल्या दिवशी चतुर्दशीचे नाव निघाल्यावर त्यांनी पुढे खणले नाही. वेळ थोडा उरला होता, तो त्यांनी वेगळ्याच गोष्टींवर घालवला. त्या पहाटे घरात कोण असेल, मी किती वाजता उठणार, जड वाटले तर कोणाला हाक मारणार, हे सगळे परीक्षेच्या वेळापत्रकासारखे लिहून काढायला लावले. सुटीचे दिवस कोणते, त्या काळात फोन चालेल का, तेही आधीच ठरले. चांगला माणूस हे ठरवतो. ठरवत नसेल तर आपण विचारावे. आणि ज्याला जगणेच नकोसे झाले आहे त्याने तर वारही पाहू नये, सणही पाहू नये. १४४१६ हा 'टेलिमानस'चा सरकारी क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येते.

दुसऱ्या खेपेला गेले तो दिवस वसुबारसेचा होता, सोमवार, २८ ऑक्टोबर. त्या दिवशी मी सांगितले.

२०२२ सालची नरक चतुर्दशी. पहाटे पाचला मी आईला उठवले. पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, समई लावली, बंबातले पाणी काढले. तिला तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान घालायचे असा माझा हट्ट. माझाच, तिला तर दिवाळी आहे हेही कळत नव्हते. या आजारात माणसे पाण्याला भितात. अंगावरचे कपडे कोणीतरी परके माणूस काढते आहे असे त्यांना वाटते. हे मी नंतर वाचले. आईने आधी पाट सोडला, मग तांब्या ढकलला, समई विझली आणि ती माझ्या मनगटाला चावली. मी तिला मारले. ओल्या पाठीवर, जोरात. आणि ओरडले, वर्गात ओरडत असे तशी. ती एकदम गप्प झाली. हात जोडले आणि म्हणाली, "नाही करणार, बाई. परत नाही करणार."

तिने मला ओळखलेले नव्हते. तिला मी कोणी मास्तरीण वाटले असेन.

नंतर मी तिला पुसले, नवे पातळ नेसवले, कुंकू लावले, ओवाळले आणि फोटो काढला. तो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेला. खाली मी लिहिले होते, 'आईचे अभ्यंगस्नान'. सतरा जणांनी बदाम पाठवले. पुढे नऊ महिन्यांनी ती गेली तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटले असेल, तर सुटले. ती नव्हे, मी. हेही मी कोणाला सांगितले नव्हते.

आपल्याकडे एक गोष्ट नेहमी ऐकू येते, की पूर्वी हे समुपदेशक वगैरे लागत नसत. वाडा होता, ओटा होता, माहेर होते. खरे आहे. दिवाळीत माहेरी आलेल्या बायका रात्री गाद्या घालून जे बोलत, त्याने पुष्कळ जणी तरल्या असतील. मी स्वतः ते पाहिले आहे. पण ओट्यावर सांगितलेले गावभर होई, हेही पाहिले आहे. आणि माझ्या बाबतीत अडचण अशी की माहेर म्हणजे आई, आणि मला सांगायचे होते ते आईबद्दलच. ह्यांना सांगितले असते तर ते म्हणाले असते, "अगं, असू दे, एवढं केलंस तिचं." लेक म्हणाली असती, "आई, तू उगाच मनाला लावून घेतेस." प्रेमानेच म्हणाले असते. पण 'असू दे' म्हटले की बोलणे संपते.

त्या बाईंनी 'असू दे' म्हटले नाही. थोडा वेळ काहीच म्हणाल्या नाहीत. मग विचारले, "आदल्या रात्री तुम्ही किती झोपला होता?"

हा प्रश्न मला सहा वर्षांत कोणी विचारला नव्हता. आई रात्री उठून दाराची कडी काढायची, म्हणून मी दारातच गादी घालून निजत असे. आदल्या रात्री दोन-अडीच तास झोप झाली असेल. त्याच्या आदल्या रात्रीही तेवढीच. भाऊ दरमहा पैसे पाठवी, न चुकता. पण त्याने दारात गादी घातली नव्हती. त्याला मी सांगितलेच नव्हते तर तो काय घालणार? मी कोणाजवळ काही मागितले नव्हते. धीराची होते ना.

घरी आल्यावर फराळाच्या यादीच्या मागे मी गुणाकार मांडला. सहा वर्षांचे दिवस दोन हजारांवर होतात. तेवढ्या वेळा मी तिला आंघोळ घातली. त्यातली एक ती. बाईंना पुढच्या वेळी हा कागद दाखवला तर त्या म्हणाल्या, "हिशेब बरोबर आहे. त्याने हलकं वाटलं का?" मी म्हटले, नाही. मारले ते मारलेच; दोन हजारांतून एक वजा होत नाही. फक्त एवढेच झाले, की आधी मला त्या पहाटेची आई एकटीच दिसायची. आता तिच्यासमोर बसलेली, डोळे चोळणारी मीही दिसायला लागले.

चतुर्दशीच्या पहाटे, ३१ तारखेला, मी वेळापत्रकाप्रमाणे उठले. उटणे आणले नव्हते. साध्या साबणाने आंघोळ केली आणि आम्ही दोघे तलावपाळीला गेलो. इतकी वर्षे ठाण्यात राहून ती दिवाळी पहाट मी पाहिली नव्हती. राम मारुती रोडवर सगळी तरुण पोरे नटून उभी, गाण्यांचा कल्लोळ, पाय ठेवायला जागा नाही. माझा एक जुना विद्यार्थी भेटला, पाया पडला. परत येताना मी ह्यांना बाकावर बसवून ती गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "मला आवाज आला होता त्या दिवशी." दोन वर्षे त्यांनाही माहीत होते. मग दोघेही बराच वेळ काही बोललो नाही.

भाऊबिजेला दादा आला. जेवताना दरवर्षीप्रमाणे म्हणाला, "आई तुझ्याकडे सुखात होती." एरवी मी मान डोलावते. या वेळी म्हटले, "नेहमी नव्हती रे. मीही नव्हते." तो ताटाकडे बघत राहिला. वहिनीने विषय बदलला. त्यापुढे काही झाले नाही, आणि व्हायला पाहिजे होते असेही नाही. जाताना मात्र त्याने विचारले, "रात्री त्रास व्हायचा का तिचा फार?" मी म्हटले, "पुढच्या वेळी ये तेव्हा सांगते, राहायलाच ये."

त्यानंतर नऊ महिने मी जात राहिले, आधी दर सोमवारी, मग पंधरवड्याने. काही सोमवार कंटाळवाणे होते. एकदा तर मी भांडून आले. बरे वाटणे हे पाडव्यासारखे एका दिवशी येत नाही. 'निम्हान्स'ने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत असे दिसले, की मनाचे आजार असलेल्यांपैकी, आजार कोणता त्यानुसार, सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांवर उपचारच होत नव्हते. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे निराळे असेल असे मानायला मला तरी कारण दिसत नाही. याची कारणे मोठी आहेत, डॉक्टर कमी, पैसा कमी, गावात सोय नाही. त्यांत माझे हे कारण किरकोळ वाटेल. पण सोय असून, पैसे असून, चिठ्ठी पर्समध्ये असूनही न जाणारी माणसे मी आता ओळखायला लागले आहे.

२०२५ च्या श्रावणातली गोष्ट. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. त्यांचे यजमान दोन वर्षांपासून अंथरुणाला आहेत. "सोमवारच्या कुठे जाता हो तुम्ही?" त्यांनी विचारले. मी सांगितले. ओढणी खांद्यावरच होती. त्या म्हणाल्या, "मलाही जायचंय एकदा. पण आता गौरी-गणपती आलेत, ते झाले की पितृपक्ष, मग नवरात्र..." त्यांच्या हातात वाण्याची यादी होती. मी ती घेतली आणि साबुदाण्याच्या खाली नाव आणि फोन नंबर लिहून दिला.